पायाखालची जमीन सरकते तेव्हा...

मित्रांनो, एक साधा प्रश्न विचारते. जमीन म्हणजे काय? सिव्हिलवाला लगेच म्हणेल, "सॉइल! बोल, कुठल्या टाइपची?" मेकॅनिकलवाला म्हणेल, "ज्यावर मशीनचं फाउंडेशन बसतं ती." कॉम्प्युटरवाला म्हणेल, "आमच्या सिलॅबसला नाही!" पण एका गोष्टीवर तिघांचंही एकमत होईल, ते म्हणजे भूकंप सोडला तर जमीन जागची हलत नाही. आपलं सगळं डिझाइन, सगळी गणितं याच एका विश्वासावर उभी असतात.

आता अशी जमीन डोळ्यांसमोर आणा, जी दगडासारखी कडक आहे, पण दगडाने नव्हे तर बर्फाने बांधलेली आहे. सिमेंटच्या जागी बर्फ! जोवर ती गोठलेली आहे तोवर तुम्ही तिच्यावर घर, शाळा, विमानाची धावपट्टी काहीही बांधा. ती वितळली की मात्र खाली उरतो नुसता चिखल. पृथ्वीच्या अगदी उत्तरेला, अलास्का, कॅनडा, सायबेरिया या भागांत फार मोठा प्रदेश असाच आहे. तिथल्या एका गावाची ही गोष्ट. गावाचं नाव न्यूटॉक.

पर्माफ्रॉस्ट म्हणजे काय?

जी जमीन सलग दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ शून्य अंश सेल्सियस किंवा त्याखाली राहते तिला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. उन्हाळ्यात तिचा फक्त वरचा थर वितळतो आणि हिवाळ्यात पुन्हा गोठतो. या थराला अ‍ॅक्टिव्ह लेयर म्हणतात. खालचा भाग काही ठिकाणी हजारो वर्षं तसाच गोठलेला आहे. त्यात माती, वाळू, अर्धवट कुजलेली झाडंझुडपं आणि भरपूर बर्फ असतो.

प्रॉब्लेम त्या बर्फाचाच आहे. बर्फ वितळला की पाणी निघून जातं, व्हॉल्यूम कमी होतो आणि जमीन खाली बसते. तीही सगळीकडे सारखी बसत नाही! जिथे बर्फ जास्त होता तिथे जास्त, जिथे कमी होता तिथे कमी. यालाच आपण परीक्षेत "डिफरन्शियल सेटलमेंट" लिहून चार मार्क मिळवतो. तिथे त्याचा अर्थ असा की दार लागत नाही, खिडकीची काच तडकते आणि घराचा एक कोपरा हळूहळू खाली जातो.

म्हणून तिथली घरं थेट जमिनीवर टेकवत नाहीत. खांबांवर उचलून बांधतात आणि खाली मोकळी जागा सोडतात. कारण आत शेगडी पेटली की घराची ऊब खाली जाते आणि घर स्वतःच स्वतःचा पाया वितळवतं! हवा खेळती ठेवली की जमीन थंड राहते.

याहून भारी युक्ती ट्रान्स-अलास्का पाइपलाइनवर वापरली आहे. १९७७ मध्ये सुरू झालेल्या या सुमारे १,२८७ किलोमीटरच्या पाइपलाइनमधून गरम तेल जातं. म्हणून अर्ध्याहून जास्त लांबी जमिनीच्या वर, खांबांवर आहे. पुष्कळशा खांबांत अमोनिया भरलेल्या बंद नळ्या बसवल्या आहेत. एकूण नळ्या १ लाख २० हजारांच्या वर! हिवाळ्यात जमिनीपेक्षा हवा जास्त थंड असते. मग खालचा अमोनिया जमिनीची उष्णता घेऊन उकळतो, वाफ वर जाते, वरच्या पंखांपाशी थंड होऊन पुन्हा थेंब बनते आणि खाली उतरते. ना पंप, ना वीज. उन्हाळ्यात हवा गरम झाली की हे चक्र आपोआप बंद! थर्मोडायनॅमिक्सला उगाच शिव्या घालणाऱ्यांनी जरूर नोंद घ्यावी.

पण या सगळ्या युक्त्यांमागे एक गृहीतक आहे. हिवाळा पुरेसा थंड असणार, हे ते गृहीतक. नेमकं तेच आता डळमळीत झालंय.

तिकडेच जास्त गरम का?

१९७९ पासूनच्या नोंदी पाहिल्या तर आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापलाय. याचं एक महत्त्वाचं कारण समजायला अगदी सोपं आहे. समुद्रावरचा पांढरा बर्फ ऊन परत फेकतो, ५० ते ७० टक्के. उघडा काळा समुद्र जेमतेम ६ टक्के परत फेकतो, बाकी सगळं पिऊन टाकतो. म्हणजे थोडा बर्फ वितळला की समुद्र जास्त तापतो, आणि समुद्र जास्त तापला की आणखी बर्फ वितळतो. कंट्रोल सिस्टिम्समध्ये आपण ज्याला पॉझिटिव्ह फीडबॅक म्हणतो तोच हा. (नाव पॉझिटिव्ह, काम एकदम निगेटिव्ह!) सप्टेंबर महिन्यात तिथला समुद्रबर्फ वर्षातला सगळ्यात कमी असतो. १९८० च्या दशकात तेव्हाही तो साधारण ७० लाख चौरस किलोमीटर उरायचा. २०१२ मध्ये तो सुमारे ३४ लाखांवर आला. हा आजवरचा नीचांक आहे.

किनाऱ्यावरच्या गावांना हा बर्फ म्हणजे संरक्षक भिंत होती. शरद ऋतूतली वादळं यायच्या आधी समुद्र किनाऱ्याजवळ गोठायचा आणि लाटांचा जोर तिथेच मोडायचा. आता समुद्र उशिरा गोठतो. वादळं मात्र आपल्या टायमिंगला येतात, आणि भिंत नसते. वरून लाटांचा मारा, खालून वितळती जमीन. अशी दोन्हीकडून कोंडी झाली आहे.

गाव तिथे वसलं कसं?

न्यूटॉक हे पश्चिम अलास्कामधलं, निंगलिक नदीकाठचं, साडेतीनशेच्या आसपास वस्तीचं युपिक लोकांचं गाव. युपिक ही तिथली मूळ जमात. हे गाव आर्क्टिक वर्तुळाच्या दक्षिणेला आहे, पण जमीन तीच गोठलेली.

आता तुम्ही म्हणाल, हे लोक अशा डळमळीत जागी राहायला गेलेच कशाला? इथेच खरी गंमत आहे. गंमत म्हणजे हसायची नाही, विचार करायची. युपिक लोक पूर्वी एका जागी बारा महिने राहतच नव्हते. हिवाळ्यात मातीची उबदार घरं, वसंतात सील माशांच्या (खरं तर सील हा मासा नाही, सस्तन प्राणी) शिकारीचा तळ, उन्हाळ्यात मासेमारीचा तळ. ऋतू बदलला की माणसं हलायची. नदी काठ खाऊ लागली तर पुढच्या वेळी तळ थोडा आत पडायचा, इतकंच. जमीन हलते हे त्यांना आपल्याआधी माहीत होतं, म्हणून त्यांनी स्वतःलाच हलतं ठेवलं होतं.

मग सरकार आलं, मिशनरी आले, शाळा आल्या. मुलांनी शाळेत यायलाच हवं, म्हणजे कुटुंबाने एका जागी राहायला हवं. न्यूटॉकचे लोक त्या जागी आले १९४९ मध्ये, आणि पुढच्या दशकात तिथे सरकारी शाळा झाली. शाळेचं सामान आणणारा बार्ज नदीतून जिथपर्यंत येऊ शकला तिथेच शाळा बांधली, असं गावकरी सांगतात. शाळेभोवती घरं, मग दुकान, चर्च, वीज, धावपट्टी. तळाचं गाव झालं आणि गाव जागेला खिळलं.

शाळांची दुसरी बाजूही आहे. हायस्कूलसाठी मुलांना घर सोडून शेकडो, कधी हजारो किलोमीटर दूरच्या बोर्डिंगमध्ये जावं लागायचं. अनेक ठिकाणी शाळेत आपली भाषा बोलायला बंदी आणि बोललं तर शिक्षा. हे वाचताना मी थोडा वेळ थांबले. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. आमच्याकडेही वर्गात मराठी बोललं की फाइन असायचा. पण संध्याकाळी घरी गेलं की आजी मराठीतच ओरडायची! त्या मुलांना महिनोन्‌महिने ती आजीच भेटत नव्हती. आपण हॉस्टेलवाले मेसच्या भाजीला नावं ठेवत का होईना, आपल्या मर्जीने इथे आलोय. त्यांना पर्यायच नव्हता. शेवटी मॉली हूच नावाच्या युपिक मुलीच्या नावाने गाजलेल्या खटल्यात १९७६ मध्ये तडजोड झाली आणि १२६ गावांत हायस्कूल द्यायचं सरकारने मान्य केलं. मुलं घरी राहिली, ही फार मोठी गोष्ट झाली. पण त्याचबरोबर गाव त्या जागेला आणखी घट्ट बांधलं गेलं.

गाव हलवायचं म्हणजे काय?

निंगलिक नदी न्यूटॉकची जमीन वर्षाला सरासरी ७० फूट या वेगाने खात होती. आपल्या हॉस्टेलच्या इमारतीपासून नदी ७०० फुटांवर आहे असं समजा, म्हणजे हातात फक्त दहा वर्षं! १९९४ मध्येच गावकऱ्यांनी ठरवलं की इथून निघायचं. त्यांनी स्वतः जागा शोधली. नदीपलीकडे नऊ मैलांवर, नेल्सन बेटावर, उंच आणि ज्वालामुखीच्या खडकाची. नाव मर्टार्विक. २००३ मध्ये अमेरिकन संसदेने कायदा करून जमिनीची अदलाबदल मंजूर केली.

मग काय अडलं? पैसा आणि नियम. गाव हलवायला ८ ते १३ कोटी डॉलर लागतील असा लष्कराच्या इंजिनिअरांचा अंदाज होता. पण "गाव हलवणे" हे काम अमेरिकेत कुठल्याच एका खात्याचं नाही. आपत्तीचा कायदा आहे, तो वादळ किंवा पूर अशा एकदम येणाऱ्या संकटासाठी. रोज थोडी थोडी झिजणारी जमीन त्या व्याख्येत नीट बसत नाही. न्यूटॉकने आपत्ती जाहीर करा असा अर्ज केला, तो २०१७ मध्ये नाकारला गेला. शिवाय एक मजेशीर चक्र! नवीन जागी लोक नाहीत म्हणून शाळा मंजूर होत नाही, आणि शाळा नाही म्हणून लोक जात नाहीत. जुन्या गावात खर्च करायचा तर ते बुडणारच आहे, म्हणून तिथेही काही दुरुस्ती नाही. बहुतेक घरांत नळाचं पाणी नव्हतं, संडास म्हणजे बादली.

ऑक्टोबर २०१९ मध्ये पहिली कुटुंबं मर्टार्विकला राहायला गेली, म्हणजे गावाचा साधारण तिसरा हिस्सा. पुढची पाच वर्षं एक गाव दोन ठिकाणी राहिलं. निम्मे नातेवाईक इकडे, निम्मे तिकडे, मध्ये नदी. २०२४ मध्ये उरलेले लोकही गेले. निर्णयापासून शेवटच्या माणसापर्यंत तीस वर्षं! म्हणजे ठरवलं तेव्हा जन्मलेलं मूल हललं तेव्हा बापमाणूस झालेलं होतं. आणि तिथेही सगळं आलबेल नाही. घाईने बांधलेली काही घरं तिथल्या हवेत टिकत नसल्याच्या बातम्या २०२५ मध्ये आल्या. जमीन चांगली मिळाली, पण बांधकाम त्या जागेला साजेसं नसेल तर काय उपयोग?

न्यूटॉक एकटं नाही. चुकची समुद्रातल्या एका चिंचोळ्या बेटावरचं शिशमारेफ हे इनुपियात लोकांचं गाव. त्यांनी २००२ मध्ये आणि पुन्हा २०१६ मध्ये स्थलांतराच्या बाजूने मतदान केलं. दुसऱ्यांदा मतं पडली ८९ विरुद्ध ७८. गाव मात्र अजून तिथेच आहे. त्या ७८ मतांचा मला जास्त विचार करावासा वाटतो. बुडणारी जागा सोडायला कुणी "नाही" का म्हणेल? कारण नुसती घरं हलवून भागत नाही. शिकारीच्या वाटा, मासे वाळवायच्या जागा, पूर्वजांच्या कबरी, कुठल्या महिन्यात कुठला बर्फ पाय पेलतो याचं पिढ्यान्‌पिढ्यांचं ज्ञान, हे कुठल्या ट्रकमध्ये भरणार? धरणांसाठी उठलेली गावं ज्यांनी पाहिलीत, त्यांना "पुनर्वसन" या शब्दाच्या पोटात काय काय असतं ते वेगळं सांगायला नको.

आणि जे थांबतात त्यांचं काय होतं? ऑक्टोबर २०२५ मध्ये हालाँग या वादळाचा उरलेला जोर पश्चिम अलास्काच्या किपनुक आणि क्विगिलिंगोक या गावांवर आदळला. घरं पायांवरून सुटून अक्षरशः तरंगत गेली. शेकडो लोकांना विमानांनी अँकरेज शहरात हलवावं लागलं. म्हणजे स्थलांतर झालंच, फक्त गावाने ठरवलेलं नव्हे, वादळाने ठरवलेलं.

आपला काय संबंध?

आहे! पर्माफ्रॉस्टमध्ये साठलेला कार्बन आज हवेत असलेल्या कार्बनच्या जवळपास दुप्पट आहे. तो कुजून हवेत आला तर त्याची उष्णता फक्त अलास्कापुरती राहणार नाही. म्हणूनच भारतानेही २००८ मध्ये नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर "हिमाद्री" हे संशोधन केंद्र सुरू केलं. त्याचं काम बघणारी राष्ट्रीय संस्था कुठे आहे माहितीये? आपल्या शेजारी, गोव्यात, वास्कोला!

पण मला वाटतं, आपल्यासाठी यातली खरी शिकवण इंजिनिअर म्हणून आहे. आपण डिझाइन करताना मागच्या पन्नास वर्षांचं तापमान, पाऊस, पूर यांचे आकडे घेतो आणि पुढची पन्नास वर्षं तशीच जातील असं धरून चालतो. न्यूटॉकची शाळा बांधणाऱ्यांनीही तेच धरलं होतं. त्या शेजारी युपिक म्हातारी माणसं होती, ज्यांना नदीचा स्वभाव ठाऊक होता. साइट सिलेक्शनचा निकष काय ठरला, तर बार्ज कुठपर्यंत येतो!

उद्या आपल्यापैकी कुणीतरी कुठल्यातरी साइटवर उभा असेल. हातात ड्रॉइंग असेल आणि शेजारी एखादा गाववाला सांगत असेल, "साहेब, इथे पाणी येतं." त्या वेळी ड्रॉइंग जरा बाजूला ठेवा आणि त्याला विचारा, "कुठपर्यंत येतं?" बोअरहोल नंतरही घेता येईल.