लिनक्सशी ओळख : अडखळणारा माऊस आणि रोजची ॲप्स

गेल्या आठवड्यात आपण जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट बसवलं. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून या वाटेला लागलेले बरेच जण आहेत. त्यांच्या पहिल्या दोन तक्रारी जवळपास ठरलेल्या असतात : वायरलेस माऊस अडखळतो आणि नेहमीची ॲप्स सापडत नाहीत.

आधी माऊस. बाण मध्येच थांबतो आणि मग एकदम उडी मारतो. विंडोजवर हाच माऊस नीट चालत होता, म्हणजे दोष लिनक्सचाच, असं वाटणं स्वाभाविक आहे. पण आधी सेल बदलून बघा आणि मग माऊसचा डोंगल, म्हणजे लॅपटॉपला लावायचा छोटा रिसीव्हर, कुठल्या पोर्टमध्ये आहे ते पाहा. पोर्टच्या आतली पट्टी निळी असेल तर तो बहुधा यूएसबी ३ चा पोर्ट असतो. डोंगल चालतो २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर, आणि यूएसबी ३ मधून डेटा धावायला लागला की त्याच पट्ट्यात रेडिओ-गोंगाट उठतो. इंटेलने २०१२ मध्येच याची मोजमापं प्रसिद्ध केली होती. खात्री करून घ्यायची असेल तर बाहेरच्या हार्डडिस्कवर एखादा मोठा सिनेमा कॉपी करायला लावा आणि माऊस हलवून बघा. कॉपी चालू असेपर्यंतच माऊस अडखळत असेल, तर चोर सापडला. डोंगल दुसऱ्या बाजूच्या काळ्या पोर्टमध्ये लावा, किंवा छोट्या एक्स्टेन्शन केबलने लॅपटॉपपासून थोडा लांब आणा. घरच्या राउटरवर ५ गिगाहर्ट्झची सोय असेल तर वायफाय तिकडे वळवा, कारण २.४ च्या पट्ट्यात तेही गर्दी करतं.

दुसरा प्रकार वेगळा ओळखू येतो. हात काढून काही सेकंद थांबलात आणि पुन्हा हलवल्यावर सुरुवातीची हालचाल वाया गेली, तर तो वीजबचतीचा परिणाम असतो. वापरात नसलेलं यूएसबी उपकरण लिनक्स झोपवू शकतं. बॅटरी जास्त चालावी म्हणून पॉवरटॉपसारखं साधन बसवून त्याची सगळी बचत एकदम चालू केली, की माऊसही त्यात सापडतो. पॉवरटॉप ॲडमिनच्या हक्काने उघडा आणि ‘ट्यूनेबल्स’ या पानावर जा. तिथे माऊसच्या किंवा डोंगलच्या ओळीपुढे ‘गुड’ दिसेल. गुड म्हणजे विजेच्या दृष्टीने चांगलं, तुमच्या हाताच्या दृष्टीने नव्हे. त्या ओळीवर एंटर दाबून ते ‘बॅड’ करा. संगणक पुन्हा सुरू केल्यावर हा बदल टिकत नाही. पण दुखणं हेच होतं का, ते त्याच क्षणी कळतं. एका वेळी एकच गोष्ट बदला. इंटरनेटवरच्या दहा कमांड एकदम चिकटवल्या तर कशाने गुण आला ते कधीच कळणार नाही.

आता ॲप्स. इथे विंडोजची सवय खरोखर सोडावी लागते. वेबसाइट शोधायची, सेटअपची फाइल उतरवायची आणि ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करायचं, हे आता बंद. मेनूमधलं सॉफ्टवेअर मॅनेजर उघडा आणि नाव टाका. व्हीएलसी, गिंप, इंकस्केप सगळं तिथेच मिळतं आणि त्यांचे अपडेटही एकाच ठिकाणाहून येतात. फायरफॉक्स, थंडरबर्ड आणि लिबरऑफिस तर मिंटबरोबरच येतात. काही ॲप्स फ्लॅटपॅक स्वरूपात असतात. त्यातली ज्यांच्या निर्मात्याची खातरजमा झालेली नाही ती मिंट २२ मुळात दाखवतच नाही, आणि ही सेटिंग तशीच ठेवावी असं माझं स्पष्ट मत आहे. व्हॉट्सॲपचं लिनक्ससाठी अधिकृत ॲप नाही. ते ब्राउझरमध्ये वापरा, किंवा मिंटच्या ‘वेब ॲप्स’मधून त्याचं वेगळं चिन्ह मेनूत आणून ठेवा.

टॅली आणि फोटोशॉप मात्र लिनक्ससाठी बनतच नाहीत. ज्यांचं पोट त्यांच्यावर आहे त्यांनी विंडोज पुसू नये. शेजारी वेगळ्या पार्टिशनवर लिनक्स ठेवावं.

पुढच्या आठवड्यात मराठी टायपिंग. तोवर तुम्ही रोज वापरता ती ॲप्स एका कागदावर लिहा आणि एकेक नाव सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये शोधून बघा.