औषधाच्या जोडीला सोबती

रोज रात्री ठरल्या वेळी एक गोळी घ्यावयाची. सांगावयास किती सोपे! पण वाचकहो, अशी कल्पना करा की गोळी घेणारा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे, वसतिगृहाच्या खोलीत त्याच्यासह चौघे राहतात आणि त्यांपैकी एकजण सहज विचारतो, "काय रे, रोज कसली गोळी घेतोस?" या प्रश्नाचे उत्तर ना डॉक्टरांच्या चिठ्ठीत असते, ना औषधाच्या डबीवर. उत्तर सुचत नाही म्हणून तो एके दिवशी गोळी टाळतो, मग दुसऱ्या दिवशीही.

ती गोळी एचआयव्हीवरील असेल तर अशा खाड्यांची किंमत फार मोठी असते. औषधात खंड न पडल्यास रक्तातील विषाणू इतका दबून राहतो की चाचणीतही तो सापडत नाही. ही स्थिती टिकून असेपर्यंत शरीरसंबंधांतून तो जोडीदाराकडे जात नाही, आणि वेळेवर उपचार सुरू झालेला तरुण जवळजवळ इतरांइतकेच आयुष्य जगू शकतो. उलट खाडे होऊ लागले की विषाणू पुन्हा वाढतो, आणि कधीकधी त्याच औषधाला दाद देईनासा होतो. मग त्या मुलाला उत्तर शिकवावयाचे कोणी?

या प्रश्नाचा विचार करताना आपल्याला चेन्नईकडे वळावे लागते. भारतात या विषाणूचा प्रथम शोध लागला तो याच शहरात, १९८६ साली. मद्रास मेडिकल कॉलेजातील डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. सेल्लप्पन निर्मला यांनी हे काम केले. डॉ. सुनीती या माहेरच्या गायतोंडे. मद्रासमध्ये स्थायिक झालेल्या एका महाराष्ट्रीय कुटुंबातील त्या कन्या. १९९३ मध्ये त्यांनी वडिलांच्या नावे वाय. आर. गायतोंडे एड्स संशोधन व शिक्षण केंद्र स्थापन केले. तेथे त्या रुग्णांना औषध तर देतच. शिवाय एचआयव्हीसह जगणाऱ्या तरुण-तरुणींचे विवाह जुळविण्याचे कामही त्यांनी आपुलकीने केले. २०१५ साली त्यांचे निधन झाले.

परंतु डॉक्टर कितीही सहृदय असले, तरी रुग्णाच्या दिवसाचे बाकीचे तास त्याला स्वतःच काढावे लागतात. ज्याचे जळते त्याला कळते, असे आपण म्हणतो. १९९७ मध्ये एचआयव्हीसह जगणाऱ्या बारा व्यक्ती चेन्नईत एकत्र आल्या आणि त्यांनी आपली अखिल भारतीय संघटना उभारली. पुढच्याच वर्षी, विवाहानंतर थोड्याच काळात पतीकडून संसर्ग झालेल्या पी. कौसल्या या तरुणीने आपल्यासारख्याच इतर स्त्रियांना बरोबर घेऊन स्त्रियांची स्वतंत्र संघटना स्थापन केली. त्या दिवसांत औषधे महाग होती. शासकीय रुग्णालयांतून ती मोफत मिळू लागली ती एप्रिल २००४ पासून. आरंभीच्या त्या मोजक्या रुग्णालयांत चेन्नईजवळील तांबरमचे रुग्णालयही होते. तोपर्यंत या माणसांजवळ एकमेकांना देण्याजोगे मुख्यतः एकच होते: अनुभव.

आज प्रश्न निराळा आहे. जन्मतःच हा विषाणू घेऊन आलेली, पण उपचारांमुळे वाढलेली मुले आता तारुण्यात पदार्पण करीत आहेत. औषध आहे, पण ते आयुष्यभर घ्यावयाचे आहे. आणि 'मी इतरांपेक्षा वेगळा का?' हा प्रश्न नेमका याच वयात टोचू लागतो. आफ्रिकेतील झिंबाब्वे देशात याच वयाच्या मुलांसाठी 'झ्वांदिरी' नावाचा उपक्रम चालतो. शोना भाषेत या शब्दाचा अर्थ 'मी जसा आहे तसा'. स्वतः एचआयव्हीसह जगणारे तरुण प्रशिक्षण घेऊन आपल्याहून लहानांच्या घरी जातात, त्यांची विचारपूस करतात आणि त्यांना गटांत एकत्र आणतात. १३ ते १९ वर्षांच्या मुलांविषयीचा तेथील एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. सुमारे दोन वर्षांनंतर नेहमीच्याच उपचारांवर असलेल्यांपैकी ३६ टक्के मुलांमध्ये विषाणू आटोक्याबाहेर गेला होता किंवा ती दगावली होती. सोबती लाभलेल्यांत हेच प्रमाण २५ टक्के होते.

हा सोबती करतो तरी काय? गोळी जेवणाच्या किंवा दात घासण्याच्या वेळेशी कशी जोडावी, प्रवासात ती कशी जवळ बाळगावी, घरात प्रथम कोणाला विश्वासात घ्यावे, हे तो स्वतः करून पाहिलेले सांगतो. न सांगण्याचा हक्कही आहे, याची तो आठवण देतो. २०१७ च्या कायद्याने शाळा-महाविद्यालयांत व नोकरीत एचआयव्हीमुळे भेदभाव करण्यास मनाई केली आहे, आणि आपली अवस्था उघड करण्याची सक्तीही कोणावर करता येत नाही. अर्थात सोबती म्हणजे डॉक्टर नव्हे. औषध बदलणे वा थांबविणे हे त्याचे काम नाही. त्याच्या स्वतःच्या मनावरही ओझे येते, म्हणून त्याच्या पाठीशी जाणता समुपदेशक असावा लागतो. आणि गटात बोललेले गटातच राहिले पाहिजे.

मधुमेह, अपस्मार, थॅलसेमिया अशा दीर्घ दुखण्यांनाही हे लागू आहे. आपल्या घरात असे मूल असेल तर त्याच्या डॉक्टरांना वा समुपदेशकांना अवश्य विचारा, की याच्या वयाचे, हेच औषध घेणारे दुसरे कोणी भेटू शकेल काय? आणि ती दोघे बोलू लागली की आपण वडीलधाऱ्यांनी जरा बाजूला व्हावे.

वसतिगृहातील त्या मुलाला कदाचित अशीच एखादी ताई सांगेल, "मी म्हणायचे, डॉक्टरांनी दिली आहे. त्यापुढे कोणी फारसे विचारीत नाही." एवढ्या साध्या उत्तराने त्या रात्रीची गोळी चुकणार नाही.