अफूचे शेत आणि मॉर्फिनची गोळी

अनारशावर आपण थापतो ती खसखस अफूच्याच बोंडातली. तिच्यात नशा नसते. ती असते बोंडाच्या सालीतून पाझरणाऱ्या चिकात. मध्य प्रदेशात मंदसौर-नीमच, राजस्थानात चित्तोडगड-प्रतापगड आणि उत्तर प्रदेशातले काही जिल्हे, इथे हे पीक सरकारी परवान्याने घेतले जाते. फेब्रुवारी-मार्चच्या दुपारी बोंडांना बारीक चिरे देतात, रात्रभर चीक सुटतो, आणि सकाळी तो खरवडून घेतात. सगळा चीक सरकारच्या नार्कोटिक्स ब्युरोलाच घालायचा. उतारा ठरल्यापेक्षा कमी पडला तर पुढचा परवाना धोक्यात. मग नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत तो माल जातो, आणि त्यातून मॉर्फिन, कोडीन वगैरे निघते. चिकाच्या रूपातली अफू जगाला कायदेशीरपणे विकणारा देश एकच, तो म्हणजे भारत.

या देशात १९८५ साली औषध म्हणून वापरले गेलेले मॉर्फिन होते अंदाजे ५७३ किलो. १९९७ साली ते १८ किलोवर आले. बारा वर्षांत ९७ टक्के घट. या काळात कर्करोगाचे रुग्ण काही घटले नव्हते.

अमली पदार्थबंदीचा हिशेब मांडताना लोक तस्कर मोजतात, तुरुंग मोजतात, जप्त माल मोजतात. तो हिशेब करायलाच हवा. पण या अठरा किलोंचा हिशेब मला अधिक छळतो, कारण त्यातली माणसे ना नशेबाज होती, ना गुन्हेगार.

आधी कायदा पाहू. त्याचे मराठी नाव लांबलचक आहे : गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम. सगळे त्याला एनडीपीएस म्हणतात, मीही तसेच म्हणतो. १६ सप्टेंबर १९८५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि १४ नोव्हेंबरला तो लागू झाला. त्यामागे १९६१चा आंतरराष्ट्रीय करार होता. गंमत अशी, की त्या कराराच्या प्रास्ताविकातच वेदनाशमनासाठी ही द्रव्ये अपरिहार्य आहेत आणि ती पुरेशी उपलब्ध ठेवली पाहिजेत, असे मान्य केलेले आहे. आपल्या कायद्याच्या आठव्या कलमानेही वैद्यकीय व शास्त्रीय वापर वगळलेला आहे. म्हणजे कागदावर मॉर्फिनला बंदी कधीच नव्हती.

मग ते नाहीसे कसे झाले? दोन गोष्टींनी. पहिली, शिक्षा. मूळ कायद्यात किमान दहा वर्षे सक्तमजुरी आणि किमान एक लाख रुपये दंड होता. स्वतःच्या वापरापुरता अगदी थोडा माल सोडला, तर किती सापडले याने शिक्षेत फरक पडत नसे. (लहान, मधली आणि व्यापारी मात्रा अशी प्रतवारी २००१च्या दुरुस्तीने आली.) आणि ज्या कलमात तस्करी होती त्याच कलमात परवान्याच्या अटीचा भंगही होता. औषधसाठ्याच्या वहीत दोन अँप्यूलचा मेळ बसला नाही, तर रुग्णालयाचा फार्मासिस्ट निदान कायद्याच्या अक्षरांनुसार हेरॉइनच्या व्यापाऱ्याशेजारी उभा राहत होता. अशा किती जणांना खरोखर शिक्षा झाली हा प्रश्न इथे गौण आहे. भीतीला एवढे वाचन पुरते.

दुसरी गोष्ट, परवाने. दहाव्या कलमाने नियम करण्याचा अधिकार राज्यांना दिला आणि प्रत्येक राज्याने आपापले नियम केले. परराज्यातल्या उत्पादकाकडून मॉर्फिन मागवायचे तर रुग्णालयाला बाळगण्याचा परवाना, आयातीचा परवाना, उत्पादकाला त्याच्या राज्याचा निर्यातीचा, वर वाहतुकीचा. एक उत्पादनशुल्क खात्याकडून, एक औषध प्रशासनाकडून. अनेक ठिकाणी असे चार-पाच कागद एकाच वेळी मुदतीत असावे लागत, आणि शेवटचा हातात येईपर्यंत पहिल्याची मुदत सरलेली असे. मोठ्या संस्थांकडे यासाठी माणूस ठेवता येई. जिल्ह्याच्या गावी कोण ठेवणार?

माझ्या वहिनीचा कर्करोग हाडांत उतरला तेव्हा, १९९४ साली, आम्ही अशाच एका गावात होतो. रुग्णालयाचे नाव घेण्यात अर्थ नाही. शेजारच्या कुठल्याही जिल्ह्यात हेच घडले असते. डॉक्टर सज्जन होते. मॉर्फिनचे विचारले तर म्हणाले, "अहो, ते इथे कुणी ठेवत नाही. आणि मी त्या भानगडीत पडलो तर उद्या इतर पेशंट कोण बघणार?" दादा औषधाच्या दुकानांत विचारत फिरला. एका दुकानदाराने त्याच्याकडे असे पाहिले, की पुन्हा त्याने तो शब्द उच्चारला नाही. फोर्टविनची इंजेक्शने मिळत. दोन-तीन तास बरे जात. शेवटचे सात आठवडे वहिनी कुशीवर वळू शकली नाही. तिला पाणी पाजायचे तरी मान किती उचलायची, हे आम्ही घरातले सगळे शिकलो होतो.

१९८६ साली, म्हणजे आपला कायदा लागू झाला त्याच्या पुढच्याच वर्षी, जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनेसाठी पायऱ्यापायऱ्यांनी औषधे देण्याची पद्धत सांगितली. तीव्र वेदनेच्या वरच्या पायरीवर होते तोंडाने घ्यायचे मॉर्फिन, दर चार तासांनी, घड्याळाच्या ठोक्यावर. गोळी स्वस्त, आणि द्यायला नर्सही लागत नाही.

त्याच वर्षांत मुंबईत गर्दची पुडी कोणत्याही परवान्याशिवाय मिळत होती. अनिल अवचटांनी त्यावर लिहिले आणि पुण्यात १९८६ साली 'मुक्तांगण' उभे राहिले, हे दिवाळी अंकांच्या वाचकाला सांगायला नको. बंदीच्या बाजारात एक नियम चालतो : माल लपवायचा असेल तर तो आटोपशीर हवा. अफूचा गोळा जड, वासाचा. हेरॉइन चिमूटभर आणि कितीतरी पट तीव्र. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत अफू घेणारे हेरॉइन घेणाऱ्यांपेक्षा अधिक होते. २०१९च्या पाहणीत हे उलटले : हेरॉइन १.१४ टक्के, अफू ०.५२ टक्के. या उलथापालथीला एकटा कायदा जबाबदार आहे असे मी म्हणणार नाही. अफगाणिस्तान-पाकिस्तानकडून येणारा माल हे मोठे कारण आहेच. पण कायद्याने ती रोखली नाही, एवढे निश्चित.

इथे कुणी अमेरिकेचे उदाहरण देईल, आणि ते योग्यच आहे. तिथे कंपन्यांनी ऑक्सिकोडोनच्या गोळ्या पाठदुखीपासून सगळ्याला खपवल्या आणि माणसे व्यसनात गेली. डॉक्टरांच्या हाती अफूजन्य औषध देताना नोंद आणि देखरेख हवीच. परंतु देखरेख कशी असू शकते हे केरळने दाखवले. कालिकतला १९९३ साली डॉ. एम. आर. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांच्या पुढाकाराने पॅलिएटिव्ह केअरचे काम सुरू झाले. रुग्ण घरी राहत आणि मॉर्फिन घरी नेत. दोन वर्षांतल्या १,७२३ रुग्णांची तपासणी २००१ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली : गैरवापराचे किंवा माल बाहेर जाण्याचे एकही प्रकरण आढळले नाही. एनडीपीएस तिथेही तोच होता. नव्वदच्या दशकाअखेरीस राज्याने नियम तेवढे सोपे केले होते.

केंद्राने १९९८ साली राज्यांना नमुना नियम पाठवले; बहुतेकांनी ते फायलीत ठेवले. २००७ साली प्रकरण जनहित याचिकेच्या रूपाने सर्वोच्च न्यायालयात गेले. २०१४ साली अखेर कायदाच दुरुस्त झाला. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन यांसह सहा औषधे 'अत्यावश्यक' ठरली, त्यांचे नियम देशभर एकच झाले, आणि मान्यताप्राप्त संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच परवानगी पुरू लागली. म्हणजे एका कलमाची दुरुस्ती व्हायला एकोणतीस वर्षे लागली.

दुरुस्तीने औषध मात्र आपोआप पोचले नाही. २०१७च्या लॅन्सेट आयोगाच्या अंदाजानुसार भारतात गरजेच्या सुमारे ४ टक्केच अफूजन्य वेदनाशामके मिळत होती. मधल्या तीस वर्षांत डॉक्टरांची एक अख्खी पिढी मॉर्फिनची चिठ्ठी एकदाही न लिहिता तयार झाली. परवाना एका दिवसात देता येतो. मात्रा कशी वाढवावी, बद्धकोष्ठासाठी सोबत काय द्यावे, हे हाताखालून रुग्ण गेल्याशिवाय येत नाही. आणि घरचे लोक? मॉर्फिन सुरू केले म्हणजे आता संपले, असे नातेवाईक आजही कुजबुजतात. मुंबईत टाटा रुग्णालय आणि वांद्र्याचे शांती अवेदना सदन, पुण्यात सिप्लाचे केंद्र, इथे ही भीती रोज समजावून घालवावी लागते.

गावाकडच्यांनी निदान एवढे करावे : आपल्या जिल्हा रुग्णालयाला मॉर्फिनसाठी मान्यता आहे का, असे लेखी विचारावे. नसेल तर ती मागण्यात आता कायद्याची कोणतीही अडचण राहिलेली नाही.