पहिलीचा वर्ग : सज्जता आणि सजावट

श्रोतेहो, वसंतातल्या व्याख्यानांचे हे दिवस म्हणजे शाळांच्या सुटीचे दिवस. गावातल्या प्राथमिक शाळांना या घटकेला कुलपे आहेत आणि आत फळ्यांवर धूळ बसते आहे. जूनच्या मध्यास, विदर्भात त्यानंतर आठवड्या-दोन आठवड्यांनी, ती कुलपे निघतील. केर निघेल, पताका लागतील, फळ्यावर रंगीत खडूने ‘सुस्वागतम्’ उमटेल, आणि सहा वर्षांचे एखादे मूल आईचे बोट सोडून उंबरठ्याच्या आत पाऊल टाकील. त्या खोलीत त्याच्यासाठी काय तयार असावे, एवढाच आजचा विषय आहे.

विषय किरकोळ वाटेल, पण तसा तो नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या वर्गांना वर्षाकाठी किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवले गेले पाहिजे. म्हणजे घराखालोखाल मुलाचा जर कुठे वास असेल तर तो या खोलीत. घर बांधताना आपण दिशा पाहतो, वारा पाहतो, चूल कुठे येईल याचा विचार करतो. पहिलीच्या वर्गाच्या वाट्याला मात्र बहुधा रंगाचे दोन डबे आणि दुकानातून आणलेले चार तक्ते येतात.

आपल्या भाषेत ‘सज्ज’ आणि ‘सजणे’ हे शब्द एका कुळातले आहेत. सैन्य सज्ज होते आणि नवरी सजते. वर्गाच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी हव्यात, पण त्यांचा क्रम चुकता कामा नये. वर्ग आधी सज्ज करावा, मग सजवावा. आणि सजवण्याच्या कामातला मोठा वाटा मुलांसाठी राखून ठेवावा, असे माझे म्हणणे आहे. ते का, हे क्रमाने सांगतो.

प्रथम थोडा इतिहास पाहू. आपल्याकडे पंतोजींची शाळा एखाद्या वाड्याच्या ओसरीवर नाहीतर देवळात भरे. भिंती उघड्याच असत. फळीवर धूळ पसरून मूल तिच्यावर अक्षर गिरवी आणि पुसून पुन्हा गिरवी. त्या धूळपाटीपलीकडे साहित्य असे फारसे नव्हतेच. युरोपात शाळा मुलाच्या डोळ्यांना सुखद असावी हा विचार ठामपणे मांडला तो सतराव्या शतकात, मोराव्हियात जन्मलेल्या कोमेनियसने. खोल्या स्वच्छ व उजेडाच्या असाव्यात, भिंतींवर चित्रे असावीत आणि शाळेला लागून बाग असावी, असे त्याने लिहून ठेवले. १६५८ साली त्याने मुलांसाठी चित्रांचे एक पाठ्यपुस्तकही प्रसिद्ध केले. पुढे १९०७ च्या जानेवारीत रोम शहरातल्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत मारिया माँटेसरी यांनी बालगृह उघडले आणि खोलीचे मापच बदलून टाकले. मुलाला उचलता येईल अशी खुर्ची, त्याचा हात पोहोचेल असे कपाट, ही आज साधी वाटणारी गोष्ट तेव्हा नवी होती.

हा विचार आपल्या मातीत रुजवला तो गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी. ताराबाई १९४५ साली बोर्डीस गेल्या आणि १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. तिथल्या आदिवासी वस्तीतली मुले शाळेकडे येत ना, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथून पुढे सर्वतोमुखी झाला. महागडी साधने परवडणारी नव्हती. म्हणून शंख-शिंपले, खडे, बिया, पाने हेच शिकण्याचे साहित्य झाले. शिवाय ज्या वारली घरांतून ती मुले आली, त्या घरांच्या गेरूने सारवलेल्या भिंतींवर लग्नकार्यात तांदळाच्या पिठाने चित्रे काढली जात. भिंत ही आपण चित्र काढायची जागा आहे, हे त्या मुलांना शाळेत येण्यापूर्वीच ठाऊक होते. हे ध्यानात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

आता सज्जतेकडे वळू. इंग्लंडमधील सॅलफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २७ प्राथमिक शाळांतले १५३ वर्ग आणि ३,७६६ मुले यांचा अभ्यास करून २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. वर्षभरात मुलामुलांच्या प्रगतीत जो फरक पडला, त्यातील सुमारे १६ टक्के फरकाचा संबंध वर्गखोलीच्या रचनेशी दिसून आला. आणि त्यातला जवळजवळ निम्मा भाग उजेड, उष्मा व हवा या तीन गोष्टींचा होता. रंग आणि चित्रे यांचा क्रम त्यानंतरचा. आमच्या आजीला विचारले असते तर तिनेही हेच सांगितले असते. पण हल्ली आकडे पुढे केल्याखेरीज कोणी ऐकत नाही.

तेव्हा पहिले काम उजेडाचे. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला उजेड डावीकडून यावा, म्हणजे हाताची सावली अक्षरावर पडत नाही. डावखुऱ्या मुलाला याच्या उलट बसवावे. शिक्षकाच्या पाठीशी उघडी खिडकी असली तर मुलांना त्याचा चेहरा काळवंडलेला दिसतो. पहिलीतले मूल, आणि विशेषतः ज्याला कमी ऐकू येते ते मूल, शब्दाबरोबर ओठांकडेही पाहत असते. फळा चकाकतो की नाही हे दारात उभे राहून कळत नाही. शिक्षकाने प्रत्येक बसकरावर स्वतः मांडी घालून बसावे आणि तिथून पाहावे. चकाकत असेल तर त्याला चमक नसलेला काळा रंग द्यावा.

दुसरे काम छपराचे. आपली शाळा पावसाबरोबरच उघडते, म्हणून गळती मे महिन्यात शोधायची असते. ज्या भिंतीला ओल येते तिच्यावर काही लावू नये. खळीने चिकटवलेला कागद श्रावणापर्यंत सुटतो आणि त्याला कसर लागते. त्यापेक्षा कपडे वाळत घालतो तशी दोरी बांधून चिमट्यांनी कागद लावावेत. ते बदलायलाही सोपे जातात.

तिसरे काम बैठकीचे. बाके नसून बसकर पट्ट्या आहेत म्हणून अनेक पालकांना कमीपणा वाटतो. वस्तुतः पहिलीच्या वर्गाला ही मोठी सोय आहे. गोष्ट सांगताना अर्धवर्तुळ करा, एकेकट्याने लिहायचे असेल तेव्हा ओळी करा, खेळायचे असेल तेव्हा पट्ट्या गुंडाळून ठेवा. मात्र कुबडी किंवा चाकाची खुर्ची वापरणारे मूल असेल तर दारापासून त्याच्या जागेपर्यंतची वाट दिवसभर मोकळी राहिली पाहिजे. दोन शिक्षकांच्या शाळेत एका खोलीत दोन-तीन इयत्ता बसतात, तिथे प्रत्येक इयत्तेला आपली एक भिंत नेमून द्यावी.

इतके झाले म्हणजे वर्ग सज्ज झाला. मग सजावट. तिचा पहिला प्रश्न उंचीचा. पहिलीतले मूल साधारण पावणेचार फूट उंच असते. जमिनीवर मांडी घातली की त्याचे डोळे दोन फुटांच्याही खाली येतात. आपण तक्ता लावतो तो स्टुलावर चढून, सात फुटांवर. तो दिसतो इन्स्पेक्टरसाहेबांना आणि पाहुण्यांना. कित्येक शाळांत भिंतीच्या बुडाशी दोन-अडीच फुटांचा काळा पट्टा रंगवलेला असतो आणि त्यावर मुले मनसोक्त लिहितात. माझ्या मते शाळेतल्या साऱ्या रंगकामात अधिक मोलाचे असे दुसरे काही नाही.

दुसरा प्रश्न प्रमाणाचा. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात २०१४ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग या बाबतीत उद्बोधक आहे. बालवाडीच्या २४ मुलांना विज्ञानाचे सहा पाठ दिले. तीन चित्रांनी भरलेल्या खोलीत आणि तीन मोकळ्या भिंतींच्या खोलीत. भरलेल्या खोलीत मुलांचे लक्ष सुमारे ३९ टक्के वेळ भलतीकडे गेले, मोकळ्या खोलीत सुमारे २८ टक्के. पाठानंतरच्या प्रश्नांची बरोबर उत्तरे अनुक्रमे ४२ आणि ५५ टक्के आली. मुले थोडी होती, पाठही थोडे होते. तेव्हा एवढ्यावरून भिंती पांढऱ्याफटक ठेवाव्यात असे कोणी समजू नये. सॅलफर्डच्या अभ्यासातही मध्यम मार्गच उत्तम ठरला : अगदी उजाड नको आणि जत्राही नको. व्यवहारात याचा अर्थ असा, की फळ्याभोवतीची भिंत मोकळी असावी आणि चित्रे बाजूच्या व मागच्या भिंतींवर असावीत.

तिसरा प्रश्न अक्षरांचा. ‘अ’ला अननस दाखवणारा तक्ता घरोघर आहे, पण माणदेशातल्या मुलाच्या अंगणात अननस कुठला? त्याच्या ओळखीची वस्तू घ्यावी. रंगाऱ्याकडून अक्षरे काढून घेतली तर ‘ल’ आणि ‘श’ नीट पाहावेत. राज्य शासनाने २००९ साली मराठी अक्षररूपे प्रमाणित केली असली तरी रंगाऱ्याच्या हाताला हिंदी वळण असू शकते, आणि मग पुस्तकात एक ‘ल’ व भिंतीवर दुसरा, अशा पेचात मूल सापडते. जे मूल नुकते अक्षर ओळखू लागले आहे, त्याला ती दोन निरनिराळी अक्षरे वाटतात. सर्वांत उत्तम वाचनपाठ म्हणजे मुलाचे स्वतःचे नाव. पहिल्या दिवशी प्रत्येकाच्या नावाची पट्टी तयार असावी आणि रोज सकाळी मुलाने आपली पट्टी शोधून ‘हजर’च्या खान्यात लावावी. महिन्याभरात मुले एकमेकांची नावे वाचू लागतात आणि हजेरीही आपोआप होते.

या संदर्भात ‘बोलक्या भिंतीं’बद्दल दोन शब्द बोलणे प्राप्त आहे. शाळेची इमारत हेच शिकण्याचे साधन व्हावे ही कल्पना वास्तुकार कबीर वाजपेयी आणि त्यांच्या ‘विन्यास’ या संस्थेने विकसित केली. दार उघडते तिथे फरशीवर कोनाची मापे आखायची, भिंतीवर उंचीची पट्टी काढायची, म्हणजे दार ढकलता ढकलता कोन कळतो. कल्पना फार चांगली आहे. पण तिची नक्कल होता होता पुष्कळ ठिकाणी राजधान्यांच्या याद्या आणि सुविचार तैलरंगात उतरले. अशी भिंत वर्षानुवर्षे एकच वाक्य बोलते, आणि सतत तेच बोलणाऱ्याकडे लक्ष कोण देतो?

याला उपाय आपल्या उंबरठ्यावरच आहे. रांगोळी रोज पुसली जाते आणि रोज नवी काढली जाते; म्हणूनच तिच्याकडे रोज पाहिले जाते. वर्गाची सजावटही तशीच असावी. पहिल्या दिवशी एक भिंत मुद्दाम रिकामी ठेवावी. दोरी बांधलेली, चिमटे लावलेले, आणि खाली मुलांच्या नावांच्या पट्ट्या. पहिल्या आठवड्यात मुले आपल्या घराचे, गुराचे, एस.टी.चे चित्र काढतील आणि आपल्या हाताने टांगतील. दर पंधरवड्याला जुने उतरावे, नवे चढावे. चांगले चित्र तेवढेच लावू नये, सर्वांचे लावावे. ज्याच्या घरात आजवर कोणी शाळा पाहिली नाही त्या मुलाला, आपल्या हातचे काही या खोलीत टांगले आहे, एवढ्यावरून ही खोली आपली वाटू लागते. त्या भावनेचे मोल कोणत्याही तक्त्याला येणार नाही. कोसबाडच्या मुलांची भिंत मघाशी ध्यानात ठेवायला सांगितली ती यासाठी.

शेवटी आपणा नागरिकांकडे येतो. शाळेसाठी लोकवर्गणी निघते तेव्हा देणाऱ्याची नजर सहजच दिसणाऱ्या कामाकडे जाते. कारण चित्रभिंतीखाली नाव घालता येते, बुजवलेल्या गळतीखाली येत नाही. पण सुटीचे थोडे दिवस अजून हाताशी आहेत. आपल्या आळीतल्या शाळेच्या शिक्षिकेला आधी विचारा : छप्पर गळते का, खिडकीची दारे लागतात का, नळाला पाणी आणि स्वच्छतागृहाला कडी आहे का? कित्येक शिक्षक खडू-कागदाचा खर्च पदरचा करतात; तो आपण उचलू शकतो. आणि त्या वर्गात गेलात तर दारातूनच ‘वा, छान’ म्हणून परत फिरू नका. क्षणभर बसकरावर मांडी घाला. तिथून जे दिसेल, तोच त्या मुलाचा वर्ग. एवढे सुचवून मी आपली रजा घेतो.