कोंबडीच्या खाद्यात मक्याऐवजी काय?

अंडी महागली की आपण दुकानदाराशी हुज्जत घालतो. पण अंड्याचा भाव बव्हंशी ठरतो तो कोंबडीच्या खाद्यावर. अंडी देणारी कोंबडी दिवसाला साधारण १०० ते ११५ ग्रॅम खाद्य खाते आणि उत्पादनखर्चात या खाद्याचा वाटा दोन तृतीयांशांच्या आसपास असतो. ऊर्जेसाठी मका आणि प्रथिनांसाठी सोयापेंड, अशी जोडी देशभर रूढ झाली आहे. त्यातले एक जरी महागले, तरी पोल्ट्री व्यावसायिकाचे गणित कोलमडते. सोयापेंडीचे भाव भडकल्याने ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र सरकारला जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनच्या १२ लाख टन पेंडीच्या आयातीस परवानगी द्यावी लागली. पुढे डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आले, इथेनॉल उत्पादक मक्याकडे वळले आणि कोंबडीला चक्क मोटारीशी स्पर्धा करावी लागली.

मक्याला पर्याय म्हणून महाराष्ट्रात पहिले नाव घ्यावे लागेल ते बाजरीचे. मक्यात ८ ते ९ टक्के प्रथिने असतात, बाजरीत साधारण ११ ते १२ टक्के. ऊर्जा किंचित कमी पडते. पण तेवढे तेल घालून भागते. अडचण आहे ती वेगळीच. अंड्याच्या बलकाला पिवळा रंग येतो तो मक्यातील झँथोफिल या रंगद्रव्यामुळे. बाजरी, ज्वारी किंवा तांदळाची कणी यांत ते नगण्य असते. त्यामुळे बलक फिकट होतो. पिवळाधमक बलक म्हणजे सकस अंडे, असा शहरी ग्राहकाचा पक्का समज आहे. वास्तविक बलकाच्या रंगावरून प्रथिनांचा अंदाज बांधता येत नाही. तरीही फिकट बलकाचे अंडे ग्राहक नाकारतो, म्हणून खाद्यात झेंडूच्या पाकळ्यांचा अर्क मिसळला जातो. दसऱ्याच्या तोरणातला झेंडू असा आपल्या ऑम्लेटपर्यंत पोहोचतो!

सोयापेंडीची जागा भरणे मात्र अधिक जिकिरीचे आहे. सरकी पेंड विदर्भात, खानदेशात मुबलक. पण तिच्यातील गॉसिपॉलमुळे साठवणीतल्या अंड्याचा बलक हिरवट-तपकिरी पडतो. मोहरीची पेंड अधिक दिली, तर तपकिरी कवचाची अंडी देणाऱ्या काही कोंबड्यांच्या अंड्यांना मासळीसारखा वास येतो. भुईमुगाच्या पेंडीत लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असते. शिवाय तिला बुरशी लवकर लागते. इंग्लंडमध्ये १९६० साली एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अज्ञात रोगाने दगावले, तेव्हा शोध घेता घेता संशोधक अशाच बुरशी लागलेल्या भुईमुगाच्या पेंडीपर्यंत पोहोचले. अफलाटॉक्सिन या विषाची ओळख जगाला झाली ती या घटनेतून.

हेच विष आजच्या सर्वांत स्वस्त पर्यायातही डोके वर काढते. मक्यापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा वाळवलेला चोथा डीडीजीएस या नावाने विकला जातो. पिष्ट निघून गेल्याने त्यातील प्रथिनांचे प्रमाण मूळ मक्याच्या जवळजवळ तिप्पट, म्हणजे २५ ते ३० टक्के होते. पण ज्या हिशेबाने प्रथिने वाढतात, त्याच हिशेबाने मक्यातले विषही वाढते, कारण आंबवण्याच्या किंवा वाळवण्याच्या प्रक्रियेत ते नष्ट होत नाही. परतीच्या पावसात भिजलेला मका इथेनॉलसाठी गेला, तर त्याचा चोथा कोंबडीच्या यकृतावर घाला घालू शकतो. अंडी घटतात आणि कारण लवकर उमगत नाही. अळ्यांपासून केलेली प्रथिने हा आणखी एक पर्याय. युरोपीय संघाने २०२१ मध्ये कोंबड्यांसाठी त्यांना मुभा दिली. पण सोयापेंडीच्या भावाशी स्पर्धा करण्याइतकी ती स्वस्त झालेली नाहीत.

म्हणूनच जाणकार व्यावसायिक एका घटकाऐवजी दुसरा, असा सरळ बदल करत नाही. थोडी बाजरी, थोडी सूर्यफूल पेंड, मर्यादित डीडीजीएस असे मिश्रण करून उणे पडणारे लायसिन व मेथिओनिन वेगळे घातले जाते. हा बदलही आठवडाभरात हळूहळू करावा लागतो. एका दिवसात खाद्य पालटले, तर कोंबडी ते कमी खाते आणि अंडी कमी देते. मोठ्या खाद्य कारखान्यात कच्चा माल प्रयोगशाळेत तपासून घेता येतो. शेडमध्येच खाद्य दळणारा छोटा शेतकरी दाणा हातात घेऊन पाहतो, हुंगतो आणि पोते घेतो. अफलाटॉक्सिन मात्र डोळ्यांना दिसत नाही आणि त्याला वासही नसतो.