बाळाला काय घालावे?

भीमाशंकरच्या वाटेवर तळेघर आहे. पावसाळ्यात इथे ढग खाली उतरतात. पाऊस दिवसच्या दिवस उघडत नाही. घरात ओल येते. धुतलेले कपडे वाळता वाळत नाहीत. अशा दिवसांत बाळ जन्मले तर त्याला काय घालावे? प्रश्न लहान दिसतो. पण तो बाळाच्या जिवाचा आहे.

बाळाला थंडी आपल्यापेक्षा लवकर बाधते. त्याची कातडी पातळ असते. अंगावर चरबी थोडी असते. डोके मात्र मोठे, सगळ्या अंगाच्या लांबीचा चौथा हिस्सा! उघड्या डोक्यातून पुष्कळ ऊब निघून जाते. ओले अंग तर फारच लवकर गार पडते. गार पडलेले बाळ सुस्त होते, दूध ओढत नाही. दूध नाही, तर अंगात ऊब कोठून येणार? अशाने बाळ दगावते.

म्हणून बाळ जन्मताच त्याला पुसून कोरडे करावे. पहिल्या दिवशी आंघोळ घालू नये. आईच्या उघड्या छातीशी धरावे आणि दोघांवर पांघरूण घालावे. आईच्या अंगासारखी दुसरी शेगडी नाही.

आता कपडे पाहू. महागाचे कपडे लागतात का? मुळीच नाही. जुने सुती लुगडे किंवा धोतर घ्यावे. ते धुऊन धुऊन मऊ झालेले असते, घाम टिपते. त्याची झबली, लंगोट, दुपटी शिवावीत. झबले पुढून उघडणारे असावे आणि बंदाने बांधावे. बटण तुटून बाळाच्या तोंडात जाते, टाचणी टोचते. गळ्याशी दोरा, मणी नकोत. नायलॉनचा कपडा घाम टिपत नाही. चुलीची ठिणगी पडली तर वितळून अंगाला चिकटतो.

आपली जुनी कुंची फार शहाणपणाची आहे. डोके, कान, मान, पाठ सारे एकदम झाकते. थंडीत ती जरूर घालावी. पण तोंडावर काही येऊ देऊ नये. दुपट्यात गुंडाळताना पाय ताणून, आवळून बांधू नयेत. खुब्याचे सांधे बिघडतात.

लंगोट ओला झाला की लगेच बदलावा. डझनभर तरी लंगोट असावेत. साबण पुरता निघेल असे धुवावेत. ऊन पडले की उन्हात वाळवावेत. पावसात चुलीपासून दूर, उंच वलणीवर टाकावेत. दमट लंगोट बाळाला बांधू नये.

किती कपडे घालावेत? आपल्याला लागतात त्याहून एक जास्त. उन्हाळ्यात मात्र एक पातळ झबले पुरते. फार गुंडाळले तर घामोळे येते, अंग तापते.

ऊब पुरते की नाही, हे हातालाच कळते. बाळाच्या पोटाला व तळपायाला हात लावा. दोन्ही उबदार, तर ठीक. पोट उबदार आणि पाय गार, तर बाळाला थंडी वाजते आहे. लगेच छातीशी घ्या. दोन्ही गार असतील तर धोका आहे. छातीशी धरूनच तळेघरच्या आरोग्य केंद्रात न्या, नाहीतर 108 नंबरला फोन करा.

हे काम गावच्या बाईला जमते का? गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 1995 पासून 39 गावांत गावच्याच बायांना हे शिकवले. त्या घरोघर जात, बाळ तपासत, ऊब व दूध कसे द्यावे ते सांगत, वेळेवर औषध देत. तीन वर्षांत तिथले नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. पुढे 2011 पासून देशभर आशाताई नव्या बाळाच्या घरी जाऊ लागल्या.

तेव्हा बायांनो, आणि बाप्यांनोही, घरात बाळ येणार असेल तर आधीच जुने लुगडे धुऊन वाळवून ठेवा. चार झबली, दोन कुंच्या, डझनभर लंगोट. खर्च थोडा, पण जीव मोलाचा.