घुमा म्हणावं की शनीचा?

इंग्रजी रहस्यकथेतल्या एका वकिलाचं वर्णन अनुवादताना मी अडलो. लांबट काळसर चेहरा, दाट भुवया, बोलणं मोजकं आणि हसलाच तर ओठाचा एकच कोपरा वर. लेखकाने एका शब्दात काम उरकलं होतं: ‘सॅटर्नाइन’. मी ‘उदास’ लिहिलं आणि फसलो. परीक्षेत नापास झालेला मुलगा उदास असतो, सॅटर्नाइन नसतो. हे विशेषण घटकाभराच्या मनःस्थितीला लागत नाही, माणसाच्या मूळ घडणीला लागतं. ‘घुमा’ जवळ येतो, पण त्यात ती काळोखी झाक नाही. ‘सुतकी’ तर भलतीकडेच नेतो.

शब्दात सॅटर्न म्हणजे शनी आहे. युरोपातल्या जुन्या ज्योतिषात ज्या ग्रहाचा अंमल, तसा स्वभाव. बुधाचा माणूस ‘मर्क्युरिअल’, घडीत एक घडीत दुसरं. गुरूचा ‘जोव्हिअल’, हसतमुख. शनी नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या ग्रहांत सगळ्यांत संथ, सूर्याभोवती एका फेरीला सुमारे २९.५ वर्षं घेणारा. त्याचा माणूस जड, गंभीर, थंड. आपल्याकडेही हा संथपणा कुणाच्या नजरेतून सुटला नाही. म्हणून तर तो शनैश्चर, हळूहळू चालणारा. एका राशीत अडीच वर्षं, तीन राशी मिळून साडेसाती. पण आपला शनी मागे लागतो, पिडतो आणि मुदत संपली की पुढच्या राशीला जातो. इंग्रजीतला माणसाच्या अंगातच मुरतो.

त्याची बाजू घेणारेही निघाले. फ्लॉरेन्सचा विद्वान मार्सिलिओ फिचिनो याच्या स्वतःच्याच कुंडलीत शनी प्रबळ होता. १४८९ साली छापलेल्या ग्रंथात त्याने मांडलं, की खोल विचार करणारी माणसंही शनीचीच. आल्ब्रेख्ट ड्यूररच्या १५१४ च्या ‘मेलेन्कोलिया’ म्हणजे खिन्नता या कोरीव चित्रात शनीची अशीच एक पंखवाली बाई गालाला मूठ टेकून बसली आहे. हातात कंपास, भोवती करवत, खिळे, रंधा. काम मात्र ठप्प. डोक्यावर भिंतीत सोळा घरांचा जादूचा चौकोन, कुठूनही बेरीज ३४, आणि खालच्या ओळीत मधोमध १५ व १४ शेजारी बसवून साल नोंदलेलं. हा चौकोन गुरूचा मानत. शनीवरचा उतारा म्हणून तो तिथे आहे, असं अभ्यासक सांगतात. शनिवारी मारुतीला तेल आणि रुईची माळ वाहणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको.

किमयागारांनी प्रत्येक ग्रहाला एक धातू दिला. आपण शनीला लोखंड देतो, त्यांनी शिसं दिलं. त्यामुळे हे विशेषण दवाखान्यातही शिरलं. शिशाच्या विषबाधेतून होणारा संधिवात तो ‘सॅटर्नाइन गाउट’. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात सफरचंदाची दारू पिणाऱ्यांना पोटशुळाचे झटके येत. तिथलाच डॉक्टर जॉर्ज बेकर याने १७६७ मध्ये दोष सफरचंदाचा रस काढण्याच्या घाण्यांतल्या शिशाचा असल्याचं दाखवलं, आणि गाववाले त्याच्यावरच उखडले. फ्रेंच लोक शिशाच्या विषबाधेला आजही ‘सातुर्निझ्म’ म्हणतात. गंमत म्हणजे शिसं अंगात भिनलं की माणूस फिकट, चिडचिडा, खिन्न होतो, थोडक्यात, सॅटर्नाइन.

एक तारतम्य पाळावं. शनीची कडी नि चंद्र यांच्यासाठी ‘सॅटर्निअन’ हा वेगळा शब्द आहे. माझ्या वकिलाला मी शेवटी ‘काळवंडल्या चेहऱ्याचा, घुमा’ केलं. एका शब्दाचे तीन झाले, पण तो ओळखू आला.

बिचाऱ्या ग्रहाला मात्र हे जडपण उगाच चिकटलंय. शिसं पाण्याच्या अकरा पटींहून जड; शनीची सरासरी घनता पाण्याहूनही कमी.